ओळख कोणाची?

१९८४ साली बँकेत अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न तोंडपाठ झाला : "ओळख कोणाची?" घाटकोपरच्या आमच्या शाखेत खातं उघडायला कोणी आलं, की फॉर्म हातात घेण्याआधी हे विचारायचं. एखाद्या जुन्या खातेदारानं 'या गृहस्थांना मी ओळखतो' म्हणून सही केल्याखेरीज नवं खातं निघत नसे. लोक गाडीतल्या ओळखीवर, चहाच्या ओळखीवर बेधडक सह्या करायचे. पुढे केवायसीचे नियम आले, आधार आलं आणि ती सही इतिहासजमा झाली. पण त्या सहीचा खरा अर्थ मला बँकेत कळला नाही. तो कळला मुलुंडला, एका दिवाणखान्यात, आणि तोही चूक करून.

आमच्या शाखेचे हेड कॅशियर गाण्याचे वेडे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नोटांची बंडलं मोजतानाही ओठांत काहीतरी चाललेलं असायचं. मलाही कान आहे हे कळल्यावर १९८६ च्या एका रविवारी ते मला मुलुंडला नानांकडे घेऊन गेले. नाना रेल्वेतून निवृत्त झालेले. दोन खोल्यांच्या त्या घरात एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत स्पूल आणि कॅसेटींनी भरलेली. घरगुती मैफली, गणेशोत्सवातली गाणी, कुणाच्या एकसष्टीची बैठक. बाजारात न मिळणारं सगळं तिथे होतं. नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अण्णांना विचारलं, "ओळख तुमची ना?" अण्णा म्हणाले, "माझी." एवढ्यावर माझं खातं उघडलं.

आजच्या मुलांना प्रश्न पडेल, की गाणं ऐकायला एवढा बंदोबस्त कशाला? तर भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. दोघांची एकही तबकडी मागे उरली नाही. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांना जुन्या तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांत राग आटपावा लागला. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर केसरबाई केरकरांचा सूर अवकाशात गेला, तोही तेवढाच. मैफलीत मात्र तोच राग तासभर चालायचा. १९६३ साली फिलिप्सनं कॅसेट आणली, ती हळूहळू आपल्या घरांत आली आणि तो तासभर पहिल्यांदाच सामान्य माणसाला साठवता येऊ लागला. काही कलावंतांना ते मुळीच रुचत नसे. अन्नपूर्णादेवींनी तर आपली एकही तबकडी बाजारात येऊ दिली नाही, तरीही त्यांच्या वादनाच्या खासगी टेप रसिकांच्या हातोहात फिरत राहिल्या. अशी ही दौलत ज्यांच्याकडे होती, ते दार किलकिलंच ठेवणार.

नानांचे नियम पक्के होते. घ्यायचं तेवढं द्यायचं. कोणी काय नेलं, काय आणून दिलं, याची त्यांनी वही ठेवली होती. आमच्या जमा-नावेच्या खतावणीसारखीच. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट आपली आपण आणायची. एकशेवीसवाली नको, तिची टेप पातळ, यंत्रात गुंतते. नक्कल मूळ टेपवरूनच करायची, नकलेची नक्कल केली की खरखर वाढते. नक्कल झाली की कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टिकली मोडून टाकायची, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जात नाही. पैशाचा व्यवहार नाही. आणि शेवटचा नियम : इथलं बाहेर द्यायचं नाही. ज्यानं ज्याला आणलं, तो त्याच्याबद्दल जबाबदार.

वर्षभरानं मी हा शेवटचा नियम मोडला. एका थोर गायिकेच्या घरगुती बैठकीची टेप नानांनी मला दिली होती. बँकेतला माझ्याच बॅचचा एक मित्र म्हणाला, एक रात्र दे, सकाळी परत करतो. सकाळी त्यानं ती परत केलीही. तीन महिन्यांनी उपनगरातल्या एका स्टेशनबाहेरच्या टपरीवर तीच बैठक रंगीत वेष्टनात विकायला आलेली मी स्वतः पाहिली. रागाचं नावसुद्धा चुकीचं छापलेलं. मित्राची ती पुढे कुणाला तरी दिलेली 'एकच रात्र' होती. गायिकेच्या मुलीचा नानांना फोन गेला. नाना मला एक अक्षर बोलले नाहीत. ते अण्णांना म्हणाले, "ओळख तुमची होती."

त्यानंतर अण्णांनी मुलुंडला जाणं सोडलं. दुसऱ्या दिवशी कॅश जुळवून रजिस्टर माझ्यासमोर सहीला ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी पुतणी. ती बोरिवलीला राहते, नोकरी सांभाळून गाणं शिकते. गेल्या महिन्यात म्हणाली, "काका, मला एका बंद ग्रुपचं आमंत्रण मिळतंय. आत जुन्या मैफलींचा खजिना आहे म्हणे. तुमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊ का? मला रेशो सांभाळावा लागेल." रेशो म्हणजे काय, हे मी विचारलं. आपण किती उतरवून घेतलं आणि इतरांना किती दिलं, याचं प्रमाण. ते घसरलं की बाहेर काढतात. मला हसू आलं. ही तर नानांची वही!

मग तिनं मला सगळी कुळकथा सांगितली. १९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघालं. कोणीही यावं, कोणाचंही गाणं न्यावं. कोर्टकचेरी होऊन ते २००१ मध्ये बंद पडलं. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन नावाच्या तरुणानं बिटटोरंटची पद्धत काढली. तीत फाइलचे तुकडे होतात आणि जो घेतो तो घेता घेताच इतरांना देतही असतो. कोणत्या फाइलची देवघेव कोण कोण करतंय, याची नोंद ठेवणारा एक मध्यस्थ कॉम्प्युटर असतो. त्याच्याभोवती आमंत्रणाशिवाय प्रवेश नसलेली मंडळं उभी राहिली. इंग्लंडातलं ओइंक ऑक्टोबर २००७ मध्ये पोलिसांनी बंद केलं. त्याच्या संस्थापकाची २०१० साली कोर्टात निर्दोष सुटका झाली. त्यानंतरचं व्हॉट सीडी इतकं कडक, की ओळख नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या ज्ञानाची परीक्षा देऊन आत जावं लागे. १७ नोव्हेंबर २०१६ रोजी तेही बंद झालं आणि सभासदांनी वर्षानुवर्षं रचलेली सूची एका रात्रीत नाहीशी झाली. अशा मंडळांत कोणी कोणाला आणलं याचा वंशवृक्षच ठेवलेला असतो. नव्या माणसानं लबाडी केली, तर त्याला आणणाराही गोत्यात येतो. हे ऐकताना मला अण्णांचा चेहरा दिसला.

पुतणीला मी आधी बँकवाला म्हणून चार गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही उपयोगी पडाव्यात. आमंत्रण विकत घ्यायचं नाही. पैसे मागणारा एकतर फसवतो आहे, नाहीतर उद्या स्वतः बाहेर पडेल आणि आपल्यालाही घेऊन पडेल. अशा ठिकाणी ईमेल वेगळा आणि पासवर्डही वेगळा. बँकेचा तर कदापि नको. गाण्याच्या देवघेवीला पॅन, आधार, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी लागत नाही. मागितलं की उठून यावं. गाण्याच्या फाइलच्या नावाचं शेपूट एमपीथ्री किंवा फ्लॅक असतं. तिथे ईएक्सई किंवा एपीके दिसलं, किंवा 'हे ऐकायला आधी अमुक प्रोग्रॅम टाका' असा निरोप आला, तर ते गाणं नव्हे, चोर आहे. आणि दार बंद आहे म्हणजे आपण अदृश्य आहोत, असं समजू नये. टोरंटमध्ये आपल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता देवघेव करणाऱ्या इतरांना दिसतोच.

कायदाही चपलांसारखा दाराबाहेर राहत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाला ६० वर्षांचं संरक्षण आहे. शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे. १९९४ च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही स्वतःचा हक्क मिळाला. तो आधी २५ वर्षांचा होता, १९९९ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांचा झाला. जाणूनबुजून भंग केला तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नवा सिनेमा, नवी गाणी आमंत्रण घेऊन आत जाऊन उचलली, म्हणून ती आपली होत नाहीत. मुदत संपलेल्या तबकड्या, परवानगी मिळालेल्या मैफली, एवढ्यावरच आयुष्य पुरतं. आणि दार उघडं ठेवूनही हे काम होतं. १९९० साली आपल्या मुंबईतच सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांची जाहीर श्रवणसत्रं केली, अंक काढले.

एवढं सांगून झालं आणि पुतणीनं विचारलं, "मग काका, तुमच्या कॅसेटींचं काय?"

नाना १९९९ साली गेले. मुलगा परदेशात. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा ती अख्खी भिंत भंगारात गेल्याचं मला फार उशिरा कळलं. इतकं जपलेलं सगळं जपणाऱ्याबरोबरच संपलं. त्या गायिकेच्या बैठकीची मित्रासाठी बाहेर काढलेली माझी प्रत मात्र कपाटात होती. कडांना पांढरी बुरशी धरलेली. पुतणीनं ती हळुवार पुसून घेतली आणि आम्ही ऐकायला बसलो. दुसऱ्या बाजूला, टाळ्या ओसरल्यावर, बाईंचा आवाज येतो : "आता ते यंत्र बंद करा. यापुढचं घरातलं आहे." यंत्र बंद झालेलंच नाही. पुढे पंचवीस मिनिटं त्या गायल्या आहेत, आणि ते गाणं पहिल्या बाजूपेक्षा कितीतरी वरचं आहे. म्हणजे नियम शिकवणाऱ्या नानांच्या घरातही ही टेप नियम मोडूनच आली होती. १९८७ साली माझ्या कानांनी ते वाक्य ऐकलं होतं. मनानं ऐकलं नव्हतं.

बाईंची मुलगी अंधेरीला राहते एवढं ठाऊक होतं. जायचं कोणत्या तोंडानं? मी बोरिवलीला अण्णांकडे गेलो. ते आता पंचाऐंशीचे आहेत आणि अजून मला साहेबच म्हणतात. सगळं सांगून म्हटलं, "त्यांच्याकडे जायचं आहे. ओळख कोणाची सांगू?"

अण्णा म्हणाले, "माझी सांगा. सांगता कशाला, मीच येतो. तेव्हाही गेलो होतो, माफी मागायला. तुम्हाला बोललो नाही इतकंच."

बाईंच्या मुलीनं पूर्ण टेप ऐकली. आईच्या त्या वाक्यापाशी थांबवायला सांगितली, पुन्हा लावायला सांगितली. त्यांच्या घरात आईचा गाता आवाज फारसा उरलेला नव्हता. शेवटी त्या म्हणाल्या, "या वाक्याआधीचं कोणालाही द्या, शिकणाऱ्या मुलांना मिळू दे. त्याच्यापुढचं घरातलं आहे. ते घरातच राहील." पुतणीनं तिथल्या तिथे लॅपटॉपवर फाइलचे दोन भाग केले. दुसरा भाग पेनड्राइव्हवर घालून त्यांच्या हातात दिला आणि आपल्याकडचा पुसला. मूळ कॅसेट मी त्यांच्या टेबलावर ठेवली.

परतीच्या गाडीत अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. गोरेगाव गेल्यावर एकदम म्हणाले, "साहेब, टिकली मोडली होती ना त्या कॅसेटची?"

"मोडली होती, अण्णा."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायला लागले.