प्रांत आणि देश (लेखांक ७) : मिठाऐवजी गवत

नागपूर करार या आठवड्यात घ्यायचा ठरला होता. तो आणखी एक आठवडा थांबेल. मागचा लेखांक वाचून पारव्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : वेगळा विदर्भ मागणाऱ्याच्या मनात देश दुसऱ्या क्रमांकावर जात नाही का? प्रश्न सरळ आहे, आणि त्याला उत्तर म्हणून आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस उभा करता येतो. वणीचे बापूजी अणे.

एप्रिल १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोल्याकडे खारपाण पट्टा, म्हणून दहीहांड्याला विहिरीचं खारं पाणी आटवून मीठ काढता आलं. आपल्याकडे तेही नाही. आपल्याकडे होतं जंगल, १९२७ च्या वन कायद्यानं बांधून टाकलेलं. सागाचं सोडाच, राखीव जंगलातलं गवत कापायचं तरी परवानगी हवी आणि ढोरं चारायची तरी पैसे मोजायचे. ज्याच्या दावणीला एक बैलजोडी आहे त्याला सरकार नेमकं कुठे बोचतं, हे अण्यांनी ओळखलं. १० जुलैला पुसदजवळच्या राखीव जंगलात त्यांनी गवत कापलं आणि तुरुंगात गेले. २१ जुलैला यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनी तोच कायदा मोडला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. दोघांच्या राजकारणाच्या वाटा निराळ्या, पण हातात विळा आणि समोर तेच गवत.

मला या प्रसंगाचं फार अप्रूप आहे. देशाची हाक गुजरातच्या किनाऱ्यावरून आली, पण यवतमाळात ती ऐकू आली गवताच्या भाषेत. कुणी इथल्या शेतकऱ्याला मिठाच्या कराबद्दल व्याख्यानं देत बसलं असतं, तर त्यानं मान डोलावली असती आणि तो आपल्या डवऱ्याकडे परत गेला असता. अण्यांना आपला मुलूख ठाऊक होता, म्हणून देशाचा लढा त्यांना इथे रुजवता आला. वऱ्हाडीपण बाजूला ठेवून देशभक्त होण्याची त्यांना गरजच पडली नाही.

आणि हा मुलूख तरी किती गुंतागुंतीचा! कागदोपत्री वऱ्हाड निजामाचं, कारभार इंग्रजांचा, १९०२ पासून वर्षाला २५ लाखांच्या कायम पट्ट्यावर. १९०३ मध्ये त्याला मध्य प्रांताशी जोडून टाकलं. इथल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या मुलखाचं काय करायचं ते आपल्याला विचारा, ही मागणी या अनुभवातून आली आहे, आणि ‘इंग्रजा, जा’ या मागणीशी तिचं नातं सख्ख्या बहिणीचं आहे. माझं तरी ठाम मत हेच.

अण्यांचा पुढचा प्रवास पाहा. १९३३ मध्ये काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपद. मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्याबद्दल टीका झाली, आणि ती गैर नव्हती. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. एवढं सगळं भोगून आणि भूषवून झाल्यावर, ऐंशी ओलांडल्यावर, १९६२ ची लोकसभा ते नागपुरातून अपक्ष लढले, विदर्भाची बाजू घेऊन, आणि जिंकले. महाराष्ट्र होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. बिहार सांभाळणारा माणूस देश विसरून विदर्भाकडे वळला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पारव्याच्या वाचकांच्या प्रश्नाला एक दुसरी बाजू मात्र आहे आणि ती मला सतावते. घाटंजीच्या बाजारात वऱ्हाडीबरोबर गोरमाटी ऐकू येते, कोलामी येते, पैनगंगेकडून तेलुगू येते. जंगलाच्या कायद्याची झळ सगळ्यांत जास्त कोलाम-गोंडांच्या पोडांना बसली. विदर्भाच्या मागणीची भाषणं मात्र नागपूर-अमरावतीच्या वकिलांनी केली. मुलखाचा अभिमान सांगताना त्या मुलखात कोण कोण मोजलं जातं, हे विदर्भवाद्यांनाही विचारायला हवं आणि संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनाही. १९५५ च्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती नागपूर करारासोबतच वाचायला घेऊ, पुढच्या आठवड्यात.

तोवर एक विनंती. घाटंजी, केळापूर, आर्णी या पट्ट्यात कुणाच्या आजोबा-पणजोबांनी १९३० मध्ये गवत कापून शिक्षा भोगली असेल आणि घरच्या पेटीत त्याचा एखादा कागद असेल, तर त्याची नक्कल मला पाठवावी.