वण : जखमेची दुरुस्ती आणि आपली काळजी

शहापूर-मुरबाड परिसरात गवतकापणी व भातकापणीच्या दिवसांत विळा लागणे, राब भाजताना किंवा चुलीपाशी पोळणे नवे नाही. जखम भरते, वण मात्र राहतो. तो चेहऱ्यावर असला की मुलामुलींच्या मनाला सलतो आणि पालक दुकानात मिळेल ते मलम आणतात. म्हणून वण कसा तयार होतो व कोणत्या उपायाने काय साधते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

जखम त्वचेच्या आतल्या थरापर्यंत गेली की वण उरतो. प्रथम रक्त गोठते. मग सूज येते व पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करतात. त्यानंतर कोलॅजन या प्रथिनाचे धागे जखम भरून काढतात. निरोगी त्वचेत हे धागे जाळीसारखे विणलेले असतात; वणात ते बहुतांशी एकाच दिशेने रचले जातात. ही वीण वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ सुधारत राहते व वण मऊ, फिकट होतो. तो पूर्णपणे पुसून टाकणारे मलम अस्तित्वात नाही.

वणाची काळजी जखमेपासूनच सुरू होते. भाजल्यास तो भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा; टूथपेस्ट, शाई वा राख लावू नये. कापल्यास साबण-पाण्याने धुवावे व धनुर्वाताच्या लशीविषयी आरोग्य केंद्रात विचारावे. पेट्रोलियम जेली लावून झाकलेली स्वच्छ जखम उघड्या, कोरड्या जखमेपेक्षा चांगली भरते. खपली काढू नये.

जखम पूर्ण भरल्यावर चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या उपायांत सिलिकॉनची जेल किंवा पट्टी अधिक भरवशाची. पट्टी रोज किमान १२ तास, दोन-तीन महिने वापरावी लागते. हलके मालीश करावे. वण काळवंडू नये म्हणून उन्हापासून झाकावा. कांद्याच्या अर्काच्या मलमांचा गुण अल्प आहे. ई जीवनसत्त्वाच्या तेलाने कित्येकांना खाज व पुरळ येते. गोरेपणाच्या नावाखाली खपणारी स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ करतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

वण जखमेची मर्यादा ओलांडून वाढत असेल तर तो केलॉइड असू शकतो. तो नुसता कापून काढल्यास बहुधा पुन्हा वाढतो. त्यावर डॉक्टर इंजेक्शनादी उपचार करतात. भाजल्यानंतर सांधा आखडत असेल तर मुळीच विलंब करू नये.

आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजी लशीचा, तर वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा वण आहे. त्याची लाज कोणी बाळगत नाही. भाजलेल्या मुलाच्या वणाकडेही वर्गाने आणि गावाने त्याच सहजतेने पाहावे.