खडकातील भंग आणि द्रवाचा पाझर

भूगर्भातील तेल व वायू एखाद्या तळ्याप्रमाणे साचून राहिलेले असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ते खडकाच्या कणाकणांमधील सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेले असतात. आणि जेथे ह्या पोकळ्या एकमेकींशी नीट जोडलेल्या नसतात, तेथे विहीर खणूनही उत्पादन अल्पच मिळते. अशा खडकात मोठ्या दाबाने द्रव घालून भंग निर्माण करावयाचा व त्यात वाळू भरून तो उघडा राखावयाचा, ह्या क्रियेस जलीय भंजन म्हणतात. तिचा पहिला प्रयोग अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन वायुक्षेत्रात १९४७ साली झाला. सुमारे २,४०० फूट खोलीवरील चुनखडकात १,००० गॅलन दाट केलेले पेट्रोल त्या वेळी घालण्यात आले. उत्पादनात लक्षणीय वाढ झाली नाही. तथापि १९४९ साली ओक्लाहोमा व टेक्सस येथे ह्या पद्धतीचा व्यावसायिक उपयोग सुरू झाला.

ह्या क्रियेच्या मुळाशी एक विरोध आहे. खडक फोडण्यासाठी जो द्रव घालावयाचा, तोच फुटलेल्या खडकाच्या भिंतींतून झिरपून नाहीसा होऊ लागतो. भंग जसजसा वाढतो, तसतसे झिरपण्याचे क्षेत्रही वाढते. म्हणून भंग किती लांब जाईल, हे केवळ पंपाच्या शक्तीवर अवलंबून नसून खडक किती द्रव पिऊन टाकतो, ह्यावरही अवलंबून असते.

सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाचा मूलभूत नियम फ्रेंच अभियंता आंरी डार्सी ह्याने दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील आपल्या १८५६ सालच्या ग्रंथात मांडला. प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या सम प्रमाणात व द्रवाच्या श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, असे त्याचे आजचे रूप आहे. ह्या प्रमाणाचा जो गुणांक खडकाच्या अंगचा असतो, ती खडकाची पारगम्यता होय. तिच्या एककास डार्सीचेच नाव आहे. एक डार्सी म्हणजे चौरस मीटरचा सुमारे एक लक्ष-कोट्यंश भाग. चांगल्या वालुकाश्माची पारगम्यता डार्सीच्या दशांशापासून एक-दोन डार्सींपर्यंत असू शकते. शेलची मात्र पुष्कळदा डार्सीच्या एक कोट्यंशाहूनही कमी भरते. उलट, केवळ एक मिलिमीटर रुंदीच्या गुळगुळीत भंगाची पारगम्यता, रुंदीच्या वर्गास बाराने भागून, सुमारे ८४,००० डार्सी येते. भंगातून द्रव धावतो आणि भिंतीतून रांगतो, तो ह्याच कारणाने.

भिंतीतील हे रांगणे कालाबरोबर कसे बदलते, हे साध्या विचाराने काढता येते. झिरपलेल्या द्रवाने खडकात जी पट्टी भिजवली असेल, तिच्या जाडीवर दाबातील सर्व फरक पसरलेला आहे असे समजू. पट्टी जाड होत जाते तसा दाबाचा उतार कमी होतो, आणि उतार कमी झाला की वेगही मंदावतो. परिणामी पट्टीची जाडी कालाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते व झिरपण्याचा वेग त्याच वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. एका तासात जेवढे अंतर भिजेल, त्याच्या दुप्पट अंतर भिजण्यास चार तास लागतात. १९५७ साली कार्टर ह्याने भंगाच्या वाढीचे जे गणित मांडले, त्यात पाझराचा हाच नियम गृहीत धरलेला आहे.

आता काही आकडे घेऊ. पारगम्यता एक मिलिडार्सी, सच्छिद्रता १० टक्के, दाबातील फरक १०० लक्ष पास्कल आणि द्रव म्हणजे साधे पाणी. ह्या स्थितीत एका तासात पाणी भिंतीत सुमारे ८५ सेंटिमीटर शिरेल. म्हणजे प्रत्येक चौरस मीटर भिंतीमागे ८५ लिटर आणि दोन्ही भिंती मिळून १७० लिटर पाणी खडकात जाईल. पाच मिलिमीटर रुंदीच्या भंगात तेवढ्याच क्षेत्रावर मावते ते अवघे पाच लिटर! असे पाणी घालून भंग लांबविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. शिवाय पाणी निघून गेल्यावर मागे राहिलेली वाळू दाटून बसते व पुढचा मार्ग बंद होतो.

ह्या हिशेबात पाझरास होणारा एकच अडथळा धरला आहे, तो म्हणजे शिरणाऱ्या द्रवाची श्यानता. प्रत्यक्षात आणखी दोन असतात. खडकात आधीपासून असलेला द्रव दाबला गेल्याखेरीज नव्यास जागा होत नाही, हा दुसरा. तिसरा अडथळा मनुष्यनिर्मित आहे. पाण्यात गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक मिसळला, तर त्याचे लांबलचक रेणू खडकाच्या बारीक छिद्रांत शिरू शकत नाहीत. ते भिंतीवर सायीसारखा थर धरतात आणि ह्या थरातून केवळ पाणी गाळले जाते. थराची वाढही वर्गमूळाच्याच नियमाने होते. गवारीच्या उत्पादनात भारत, विशेषतः राजस्थान, जगात अग्रेसर असल्यामुळे ह्या पिकाच्या बाजारभावाचा संबंध अमेरिकेतील तेलविहिरींशी जडला आहे. परंतु पाझर रोखणारा हा थर पुढे तेलाचीही वाट अडवितो. यास्तव काम संपल्यावर डिंकाचे रेणू तोडण्यासाठी विकरे किंवा ऑक्सिडीकारक द्रव्ये आधीच मिसळून ठेवावी लागतात.

शेलमध्ये चित्र पालटते. तेथे पारगम्यता वरील उदाहरणाच्या दहा हजारांश धरली, तर तासाभरात पाणी सेंटिमीटरभरही शिरत नाही. म्हणूनच टेक्ससमधील बार्नेट शेलमध्ये १९९७ च्या सुमारास घर्षण कमी करणारे अल्प द्रव्य मिसळलेले जवळजवळ साधे पाणी यशस्वीपणे वापरता आले. तरीही घातलेल्या पाण्यापैकी पुष्कळदा निम्म्याहून कमीच परत येते. ह्याची कारणे दोन: पाण्याचा काही भाग आडव्यातिडव्या बारीक भेगांत अडकतो, आणि काही भाग केशाकर्षणाने शेलच्या अतिसूक्ष्म छिद्रांत शोषला जातो. दाब नसतानाही चालणारे हे शोषणसुद्धा वर्गमूळाचाच नियम पाळते.

न परतलेले हे पाणी भूजलात तर जात नाही ना, हा प्रश्न साहजिकच विचारला जातो. अखंड शेलमधून झिरपत ते शेकडो मीटर वर चढणे किती दुष्कर आहे, हे वरील हिशेबावरूनच ध्यानात येईल. पण खडक सर्वत्र अखंड नसतो. विहिरीच्या नळाभोवतीचे सिमेंट सदोष असू शकते आणि पृष्ठभागावर द्रव सांडूही शकतो. काही परिस्थितींत पेयजलावर परिणाम होऊ शकतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ च्या अहवालात काढला आहे. डार्सीचा नियम खडकाच्या छिद्रांतील वाटेचा हिशेब देतो. छिद्रांना टाळून जाणाऱ्या वाटांचा देत नाही. अभ्यासकाने प्रथम शोधावयाचे ते हे की, प्रस्तुत ठिकाणी द्रवाची वाट ह्या दोहोंपैकी कोणती आहे.