आठ बटवे एका खणाचे

मैत्रिणींनो, ओटीत आलेले खण तुमच्याही कपाटात साठले असतीलच. या घरचा खण त्या घरी, अन् फिरून पुन्हा आपल्याकडेच! गेल्या संक्रांतीला मी वाणासाठी त्यांचे बटवेच शिवले.

८० सेंटिमीटर लांब, ३६ इंच पन्ह्याच्या सुती खणात आठ बटवे होतात. कापड आधी भिजवून, वाळवून इस्त्री करावे. १८ बाय ७ इंचांचे तुकडे कापावेत. दोन्ही टोकांकडच्या कडा आत मुडपून, टोके दीड इंच दुमडून नेफा शिवावा. सुलट बाजू आत ठेवून तुकडा मधोमध दुमडावा आणि नेफा सोडून दोन्ही बाजू शिवाव्यात. उलटवून दोन नाड्या समोरासमोरून ओवल्या की तोंड छान आवळते. तिळाचे लाडू मात्र बटर पेपरात गुंडाळूनच घाला, नाहीतर कापडाला तेल लागते.

सात बटवे हळदीकुंकवाला लुटले. आठवा शेजारच्या काकूंना नेऊन दिला. काका गेल्यापासून त्यांना कुणी बोलवत नाही. मीही बोलावलं नव्हतं. “किती वर्षांनी वाण आलं गं!” म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मला फार लाज वाटली.

यंदा पहिलं बोलावणं काकूंनाच. तुमच्या शेजारीही अशी एखादी काकू असेल, नाही का?