वायर उपटून बघा

नोव्हेंबर 2023मध्ये ब्रॉडकॉमने व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ताब्यात घेतली आणि महिन्याभरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. यापुढे फक्त मुदतीची वर्गणी. तेव्हापासून ठिकठिकाणच्या सर्व्हर रूममध्ये मुक्तस्रोत पर्यायांची चाचपणी सुरू आहे: व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स, फ्रान्समधल्या ग्रनोबलचं एक्ससीपी-एनजी, रेड हॅटने वाढवलेलं ओव्हर्ट. चाचपणी बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने होते. एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर ते टाकायचं, दोन-चार व्हर्च्युअल मशीन उभ्या करायच्या, स्क्रीन नीटनेटकी वाटली की पसंतीचा शेरा द्यायचा. एवढ्यावरून फारसं काही कळत नाही.

कारण चांगल्या दिवशी ही सगळी साधनं जवळपास सारखीच वागतात. एकाच यंत्रात अनेक संगणक नांदवायचे आणि प्रत्येकाला प्रोसेसर आपल्या एकट्याचाच आहे असं भासवायचं, ही किमया आयबीएमने साठच्या दशकातच मेनफ्रेमवर साधली होती. आपल्या नेहमीच्या इंटेल चिपवर मात्र ती अवघड होती. या चिपच्या काही आज्ञा मोठ्या लबाड. उदाहरणार्थ ‘पॉपएफ’. अधिकार नसलेल्या प्रोग्रामने ती वापरून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला, तर चिप तक्रार करत नाही, गुपचूप दुर्लक्ष करते. वर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला काही घडल्याचा पत्ताच लागत नाही. 2005-06च्या सुमारास इंटेल आणि एएमडीने चिपमध्येच यावर सोय केली. त्या सोयीवर इस्राएलच्या क्युमरानेट कंपनीत आवी किविटीने केव्हीएम लिहिलं आणि फेब्रुवारी 2007मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात दाखल झालं. डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरेंची नक्कल करायला फाब्रिस बेलारने सुरू केलेलं क्यूईएमयू होतंच. प्रॉक्समॉक्स आणि ओव्हर्ट दोन्ही याच जोडीवर चालतात. एक्ससीपी-एनजीच्या पोटात केंब्रिज विद्यापीठात जन्मलेलं झेन आहे. वेगाच्या तुलनेत म्हणूनच फार वेळ घालवू नये. विंडोजमध्ये व्हर्च्युअल डिस्कसाठीचा ‘व्हर्टआयओ’ ड्रायव्हर न टाकता डिस्कचा वेग मोजायचा आणि खापर साधनावर फोडायचं, हा प्रकार तर सर्रास चालतो.

चालू मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं हा प्रात्यक्षिकातला हमखास टाळ्यांचा भाग. केंब्रिजच्या संशोधकांनी 2005मध्ये खेळाडू खेळत असतानाच ‘क्वेक 3’चा गेम सर्व्हर असा हलवून दाखवला होता; खंड पडला तो 60 मिलिसेकंदांचा. आज हे बहुतेक साधनांना जमतं. फक्त एक नवा आणि एक जुना प्रोसेसर घेऊन करून बघा, म्हणजे खरी अडचण दिसेल.

खरी परीक्षा आहे ती बिघाडाची. तीन सर्व्हरचा गट बांधा, तिघांची डिस्क सामाईक ठेवा, बिघाड झाल्यास मशीन आपोआप दुसरीकडे सुरू व्हावी अशी सेटिंग करा आणि एका सर्व्हरची वायर उपटा. विजेची नव्हे, नेटवर्कची. वीज गेली की सर्व्हर खरोखर मरतो, त्यात गुंता नाही. नेटवर्क तुटलेला सर्व्हर जिवंत असतो, त्याच्यावरच्या मशीन चालू असतात, पण त्याला बाकीचे दोघे दिसत नाहीत. ते दोघे गेले की मीच तुटलो? आत बसून हे ठरवण्याचा कुठलाही मार्ग त्याच्याकडे नाही. तिकडे त्या दोघांनाही हा मेल्यासारखाच दिसतो. त्यांनी याची मशीन आपल्याकडे सुरू केली आणि यानेही चालूच ठेवली, तर एकाच डिस्कवर दोघे लिहू लागतील आणि डेटाची पार माती होईल.

यावर उपाय गणपूर्तीचा. निम्म्याहून जास्त मतं ज्याच्या बाजूला, त्यानेच कारभार करायचा. तीनपैकी एक मत असलेला प्रॉक्समॉक्सचा सर्व्हर अशा वेळी आपल्या रखवालदार टायमरला खुशालीचा निरोप देणं थांबवतो आणि 60 सेकंदांनी स्वतःच रीबूट होतो. उरलेले दोघे तेवढा वेळ थांबून मग मशीन आपल्याकडे उभी करतात. सगळं मिळून दोनेक मिनिटं जातात. धडधाकट सर्व्हर आपणहून आडवा पडलेला पाहून नवखा माणूस चक्रावतो, पण वागणं अगदी बरोबर आहे. आपल्या हाउसिंग सोसायटीत गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा गणपूर्तीशिवाय भरते. ही सवलत सर्व्हरला दिली तर दोन कमिट्या एकाच वहीत ठराव लिहीत बसतील.

आता छोट्या ऑफिसचं गणित बघा. तिथे हौसेने दोन सर्व्हर घेतात, एक पडला तर दुसरा आहे म्हणून. पण दोनपैकी एक मत म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हे. एक बंद पडला आणि मशीन आपोआप सुरू करण्याची सेटिंग असेल, तर उरलेलाही टायमरच्या नियमाने रीबूट होतो; नसेल तर चालू मशीन चालू ठेवतो, मात्र नवी सुरू करू देत नाही की सेटिंग बदलू देत नाही. ज्या दिवसासाठी खर्च केला, त्याच दिवशी तो हात वर करतो. तिसरं मत द्यायला रास्पबेरी पायसारखं तळहातावर मावणारं यंत्र पुरतं. ते एकही मशीन चालवत नाही, नुसतं मतदान करतं. खरेदीच्या यादीत ते क्वचितच सापडतं.

एक धोका मात्र वायर उपटून कळत नाही. ओव्हर्टवर बेतलेलं आपलं विकाऊ उत्पादन रेड हॅटने गुंडाळलं आणि लक्ष दुसरीकडे वळवलं. ओव्हर्टचा भार आता मुख्यतः समुदायावर आहे. तेव्हा बाहेर पडायची वाटही तपासून ठेवावी. प्रॉक्समॉक्सचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या व्हीएमए साच्यात असतो. त्यातून डिस्क वेगळी काढून ती साध्या लिनक्सच्या केव्हीएमवर चालवून बघा. मशीन सुरू होते, पण नव्या ठिकाणी नेटवर्क कार्डाचं नाव बहुधा बदललेलं असतं. आयपी पत्ता पुन्हा हाताने द्यावा लागतो.