निरोपाचें ॲप केव्हां सुधारावें?



आमच्या आंधळगांवीं कोशाचें कापड विणणाऱ्या घरांतहि आतां निरोप मोबाईलवर येतो. तो पोंचविणारें ॲप वेळोवेळीं सुधारावें लागतें; यालाच अपडेट म्हणतात. डेटा वांचावा म्हणून मीं आपोआप अपडेट होण्याची सोय बंद केली. कांहीं महिन्यांनीं ॲप जुनें ठरून उघडेनासें झालें, आणि मुलीच्या आजारपणाचा निरोप मला दुसऱ्या दिवशीं कळला.

याहून मोठा धोकाहि असतो. मे २०१९ मध्यें व्हॉट्सॲपमधील एक दोष उघड झाला; नुसता कॉल आला, तो उचललाहि नाहीं, तरी हेरगिरीचा प्रोग्रॅम फोनांत शिरूं शकत असे. कंपनीनें दुरुस्त आवृत्ति काढली. पण ज्यांनीं ती घेतली त्यांच्याच ॲपमधील दोष गेला.

अँड्रॉइड फोनांत प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्यें अपडेट कोणत्याहि नेटवर्कवर व्हावें, फक्त वाय-फायवर व्हावें, कीं आपोआप होऊंच नये, हें ठरवितां येतें. घड्याळाचा तास मात्र तेथें नेमतां येत नाहीं. फोन स्वस्थ पडलेला, चार्जिंगला लावलेला व वाय-फायला जोडलेला असला म्हणजे साधारणतः हें काम होतें. म्हणून वाय-फाय असणाऱ्यांनीं रात्रीं फोन तसा ठेवावा. इतरांनीं आठवड्याचा एक वार नेमून प्ले स्टोअर स्वतः उघडून पाहावें. अनोळखी लिंकवरून आलेलें अपडेट कधींहि घेऊं नये.

सूत तुटतांच जोडावें, हें विणकर जाणतो. फोनासहि तोच नियम लागू आहे.