‘उद्योग’ या पदाची व्याप्ती आणि रुग्णालयीन कामगार

रुग्णालयातील कामगारांची संघटना सेवाशर्तींच्या करारासाठी वाटाघाटी करू लागली की एका पदाचा अर्थ निर्णायक ठरतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील समेट, न्यायाधिकरण व बंधनकारक तडजोड ही साधने ‘उद्योगा’तील कामगारांसाठीच होती. रुग्णालय हा उद्योग होय काय? मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्डसेविकांना भरपाई न देता कामावरून कमी करण्यात आले, तेव्हा हॉस्पिटल मजदूर सभेने दाद मागितली. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्या. गजेंद्रगडकर यांनी व्याख्येतील ‘उपक्रम’ हे पद व्यापक अर्थाने घेतले, नफ्याचा हेतू अनावश्यक मानला आणि ती कपात अवैध ठरविली. सफदरजंग रुग्णालयाच्या प्रकरणात १९७० मध्ये हा अर्थ संकुचित झाला. बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात १९७८ मध्ये तो पुन्हा विस्तारला. या अठरा वर्षांत व्याख्येचे शब्द तेच राहिले; अर्थनिर्णयासवे कामगारांचे हक्क मात्र पालटले.